मोकळं रान आणि सहा फुटांची दोरी

या वेळचं पत्र मिनीॲपोलिसहून आलं आहे. थोडं आवरून देते.

'ताई, आमच्याकडे चकली आहे. कोथरूडच्या एका गल्लीत सापडलेली गावठी कुत्री. शेपटीवरून नाव पडलं. आता तीन वर्षांची आहे, वजन १८ किलो. दीड वर्षापूर्वी तिला इकडे आणली. येत्या ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याला सुट्टी आहे. साउथ डकोटात बॅडलँड्स नॅशनल पार्कच्या सेज क्रीक कॅम्पग्राउंडवर तीन रात्री आणि पुढे ब्लॅक हिल्सच्या जंगलात दोन रात्री तंबूत राहायचं असं त्याच्या मनात आहे. तो म्हणतो, "रस्त्यावर वाढलेली आहे ती, एकदा तरी दोरी काढून मोकळ्या रानात पळू दे तिला." मला धास्ती वाटते. ४ जुलैच्या फटाक्यांना ती चार तास बाथरूममधल्या पायपुसणीवर थरथरत बसली होती. बोर्डिंगमध्ये ठेवावं, तर मागच्या वेळी दोन दिवस अन्नाला शिवली नाही. न्यावं की न न्यावं? – चकलीची आई'

प्रिय चकलीची आई,

वयानं लहान असशील असं धरून अगं-तुगं करते. तिला ने. पण ऑगस्टमध्ये नको, पहिल्याच खेपेला सेज क्रीक नको, आणि दोरी काढायचं तर नावच नको. ही तीन 'नको' तुझ्या नवऱ्याला सांगायची कशी, तेवढाच काय तो प्रश्न आहे.

त्याचं म्हणणं मला कळतं. रस्त्यावरचं कुत्रं म्हणजे स्वतंत्र जीव, असं आपल्याला वाटतं. पण आठवून बघ, कोथरूडचं कुत्रं मोकळं असतं ते फक्त स्वतःच्या गल्लीत. कुठल्या फाटकाखालून निसटता येतं, कुठल्या वॉचमनकडे पोळी मिळते, कुठल्या स्कूटरखाली दुपारची सावली असते, हे सगळं त्याला पाठ असतं. तेच कुत्रं दोन गल्ल्या पलीकडे सोड, शेपूट पायात जाते. चकलीसाठी प्रेअरी, म्हणजे तिथलं मोकळं गवताळ रान, ही अशी परकी गल्ली आहे, जिला दुसरं टोकच नाही. फाटक नाही, स्कूटर नाही, लपायला झाड नाही. तिथे ती घाबरून पळाली तर थांबायला तिच्याकडे काही कारणच उरत नाही. आवाजाला घाबरणारं कुत्रं आनंदानं पळत सुटलं आणि दमून परत आलं, असं मी फार कमी वेळा पाहिलंय. दिशा न बघता पळालेलं मात्र पुष्कळदा पाहिलंय.

आता ऑगस्ट. ब्लॅक हिल्सच्या उत्तरेला स्टर्जिस नावाचं छोटं गाव आहे. तिथे १९३८ पासून मोटारसायकलवाल्यांची जत्रा भरते, आणि ती नेमकी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात. लाखांनी माणसं येतात. रॅपिड सिटीपासून बॅडलँड्सच्या रस्त्यापर्यंत दिवसभर फटफट चालू असते आणि कॅम्पग्राउंडं भरलेली असतात. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्रीला घेऊन त्या आठवड्यात तिकडे जाणं म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिला लक्ष्मी रोडवर फिरवण्यासारखं आहे. शिवाय जुलै-ऑगस्ट हा बायसनच्या, म्हणजे तिकडच्या रानगव्यांच्या, माजाचा काळ. नर एरवीही भरवशाचे नसतात, तेव्हा तर नाहीतच. आणि ऊन. बॅडलँड्समध्ये ऑगस्टच्या दुपारी चाळिशी गाठणं नवलाचं नाही, आणि सावली म्हणजे तुझ्या गाडीची पडेल तेवढीच. लेबर डे उलटला की, म्हणजे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, हे तिन्ही त्रास एकदम कमी होतात. नवऱ्याला सुट्टी पुढे ढकलायला सांग. चकली तुमच्या घरी आल्यापासून त्याने तिच्यासाठी याहून अवघड गोष्टी केल्या असतील.

सेज क्रीकबद्दल. जागा सुंदर आहे यात वाद नाही. फुकट आहे, आरक्षण नाही, आधी येईल त्याला जागा. भोवती नुसतं गवत, आणि सकाळी तंबूची चेन उघडली की वीस पावलांवर बायसन चरत असतात. तुझ्या नवऱ्याला हेच हवंय, आणि चकलीसाठी नेमकं हेच नको. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा लांबचा चुलतभाऊ. दिसायला सुस्त, पण धावायला लागला की ताशी पन्नास किलोमीटरच्या वर. त्याच्यापासून १०० यार्ड, म्हणजे साधारण ९० मीटर, लांब राहायचा नियम आहे. पण बायसन हा नियम पाळत नाही, तो तुमच्याच तंबूजवळून वाट काढतो. आणि कुत्रं दिसलं की त्याच्या डोक्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा लांडगा जागा होतो. चकली एकदा भुंकली की पुढचं काही कुणाच्या हातात राहत नाही. अशा वेळी एकच करायचं, तिला उचलून गाडीत बसायचं आणि तो जाईपर्यंत काचा बंद. कधी अर्धा तास, कधी दोन.

तिथे पाणीही नाही. ओढ्याचं पाणी मातीनं इतकं गढूळ असतं की गाळणी दोन मिनिटांत तुंबते. कुत्र्याला दर किलोमागे दिवसाला ५० ते ६० मिली पाणी लागतं, म्हणजे चकलीला लिटरभर, उन्हात त्याच्या दुप्पट. माणशी चार लिटर धरलं तर तुम्हा तिघांना चार दिवसांचं ४० लिटर घरूनच न्यावं लागेल. गुरांसाठी बांधलेल्या तळ्यांवर तिला तोंड लावू देऊ नकोस. उन्हाळ्याच्या शेवटी त्यावर हिरवी-निळी साय धरते, तिच्यातल्या विषानं कुत्री काही तासांत दगावतात. शेकोटीला अख्ख्या पार्कात बंदी आहे, गॅसची शेगडी चालते. आणि जाणारा रस्ता खडीचा, त्याखाली चिकणमाती. पाऊस पडला की आपल्याकडच्या काळ्या रानात पहिल्या पावसात बैलगाडी रुतते तशी गाडी रुतते. तुलना उगाच नाही केली, दोन्हीकडे फुगणाऱ्या मातीतलं खनिज एकाच जातीचं आहे. लाकोटा लोकांनी या भागाला 'माको सिका', वाईट जमीन, म्हटलं ते काही उगाच नाही.

नियमांचंही तुमच्या घरी अजून बोलणं झालेलं दिसत नाही. राष्ट्रीय उद्यानात दोरी जास्तीत जास्त सहा फुटांची. कुत्र्याला कॅम्पग्राउंड, पिकनिकची जागा, पार्किंग आणि जिथे गाड्या जातात ते रस्ते, कच्चे असोत की पक्के, एवढीच परवानगी. कुठल्याही पायवाटेवर नाही, रानात नाही, प्रेअरी डॉगच्या वसाहतीत तर नाहीच. बांधून किंवा तंबूत ठेवून तुम्ही दोघं फिरायला गेलात, असंही चालत नाही. म्हणजे नॉच ट्रेल ही तिथली पायवाट बघायची तर एकाने जायचं आणि दुसऱ्याने चकलीजवळ बसायचं. हे ऐकून सहलीची मजा गेली असं वाटत असेल, तर ते आत्ताच कबूल करा आणि तिला ओळखीच्या घरी ठेवा. त्यात पाप नाही. बोर्डिंगमध्ये न जेवणारी कुत्री तुझ्या मैत्रिणीच्या सोफ्याखाली कदाचित नीट जेवेल.

प्रेअरी डॉगचं जरा सविस्तर सांगते, कारण मला त्यांच्याबद्दल बोलायला आवडतं. नावात कुत्रा, जात मात्र खारीची. बिळाच्या तोंडाशी उभे राहून दिवसभर किचकिच ओरडतात. चकलीला वेड लागेल. पण त्या बिळांमध्ये पिसवा असतात, आणि पिसवांमध्ये कधीकधी प्लेग असतो. हो, तोच. १८९६ साली मुंबईत आणि १८९७ ला पुण्यात आला होता, ज्याच्या बंदोबस्ताच्या नावाखाली घराघरांत गोरे सोल्जर घुसले आणि पुढे रँडचा खून झाला, तोच. त्याच लाटेतला प्लेग १९०० मध्ये जहाजांतून सॅन फ्रान्सिस्कोला उतरला, घुशी-उंदरांतून रानातल्या खारींत गेला आणि तिथे कायमचा राहिला. बॅडलँड्सला लागून असलेल्या कोनाटा बेसिनमध्ये तो २००८ साली पोचला. म्हणून निघण्याआधी पिसू आणि गोचिडीचं औषध दिलेलं असलंच पाहिजे. पुण्याच्या कुत्रीला ते नवं नाही.

याची दुसरी बाजूही आहे. याच वसाहतींमध्ये काळ्या पायांचं फेरेट राहतं, मुंगसाच्या अंगलटीचा छोटा शिकारी. हा प्राणी संपला असंच सगळे धरून चालले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मिटीत्सी गावाजवळ एका पशुपालकाच्या कुत्र्याने एक मेलेलं फेरेट घरी आणून टाकलं, आणि कळलं की अजून काही शिल्लक आहेत. कुत्र्याचे उपकार म्हणावे, तर चारच वर्षांत त्याच कळपावर कुत्र्यांना होणारा डिस्टेंपर आणि जोडीला प्लेग असा घाला पडला की उरलेली फेरेटं पकडून पिंजऱ्यात वाढवावी लागली. त्यांचीच पिल्लावळ १९९४ पासून बॅडलँड्समध्ये सोडली गेली. तेव्हा रेबीजच्या लसीबरोबर चकलीची डिस्टेंपरची लस चालू आहे ना, हे पाहा. ती तिच्यासाठी आहेच, त्या फेरेटांसाठीही आहे.

लोक मला सगळ्यात जास्त विचारतात ते सापांचं. साउथ डकोटात विषारी साप एकच, प्रेअरी रॅटलस्नेक. खुळखुळा वाजला तर दोरी आखडून आल्या पावली मागे. चावलाच तर चिरायचं नाही, चोखायचं नाही, आवळपट्टी नाही, बर्फ नाही. उचलून गाडीत घालायची आणि गाठायचं रॅपिड सिटी. सेज क्रीकहून तासाभराच्या वर लागतो आणि फोनला रेंज मिळेलच असं नाही. दवाखान्याचा नंबर आणि नकाशा घरूनच उतरवून ठेव. पण खरं सांगू? तीस वर्षं मी नेब्रास्कात राहते, कुत्री घेऊन हा मुलूख पालथा घातलाय. सापाने आम्हाला कधी त्रास दिला नाही. दिला तो कुसळांनी.

कुसळ. हा शब्द इंग्रजीत नीट सांगता येत नाही, आणि तुला मात्र सांगावा लागत नाही. दिवाळीनंतर माळावरून आल्यावर मोज्यांतून, परकराच्या काठातून उपसत बसायचो ना, तेच. प्रेअरीवर त्याचे भाऊबंद ढिगानं आहेत. टोकाला उलटे काटे असतात, त्यामुळे ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. आमचा बंड्या बफेलो गॅपच्या गवताळ भागातून फिरून आला आणि डोकं झटकायला लागला. मी म्हटलं, पाणी गेलं असेल. दुसऱ्या दिवशी कान खाली पाडून बसला. मी म्हटलं, दमला असेल. तिसऱ्या दिवशी कानाला हात लावू देईना. डॉक्टरांनी भूल देऊन कानाच्या पडद्यापाशी अडकलेलं एक इवलं कुसळ काढलं. लोकांच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं म्हणतात, माझ्या कुत्र्याच्या कानातलं मला तीन दिवस दिसलं नाही. तेव्हापासून माझा नेम आहे. दर फेरीनंतर कुत्र्याला पाठीवर लोळवायचं आणि पायाच्या बोटांच्या बेचक्या, काखा, कान, पापण्या, हिरड्या, शेपटीखाली बोटं फिरवायची. पाच मिनिटं लागतात. गोचिडी त्याच हाताने सापडतात. चकलीला आत्तापासून घरी सवय लाव, म्हणजे तिकडे झटापट होणार नाही. एकाएकी सलग शिंका आल्या, पंजा सारखा चाटला, एक डोळा मिटून घेतला, तर वाट बघू नकोस. निवडुंगही आहे, गवतात लपलेला, जमिनीसरसा. एक चिमटा खिशात ठेव. गाडीत नको, खिशात.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं.

पहिली रात्र मिनेसोटातच, लुव्हर्नजवळच्या ब्लू माउंड्स स्टेट पार्कात. आय-९० हायवेलगतच आहे, तुमच्या वाटेवर. तिथे १९६१ पासून बायसनचा कळप आहे, पण कुंपणाच्या आत. चकलीला लांबून तो वास घेऊ दे. ती ताठ होते का, भुंकते का, की तुझ्या पायामागे येते, हे तुला तिथे कळेल. रात्री तंबूत झोपते का तेही कळेल. नाहीच जमलं तर चार तासांत घरी परत. सरावाची ही रात्र फुकट गेली असं समजू नका.

तिथून बॅडलँड्सच्या सीडर पास कॅम्पग्राउंडवर दोन रात्री. आरक्षण होतं, पाणी आहे, संडास आहे, माणसांची वर्दळ आहे. तुझा नवरा नाक मुरडेल. मुरडू दे. एक सकाळ उजाडताच गाडी काढा आणि सेज क्रीक रिम रोडने जा. त्या कच्च्या रस्त्यावर बायसन जवळ नसतील तिथे उतरून चकलीला दोरीने चालवता येतं. त्या वेळी गवतावर दव असतं आणि मेडोलार्क पक्षी कुंपणाच्या खांबावर गात असतो. चकली पन्नास पावलं चालायला वीस मिनिटं घेईल. घेऊ दे. रात्रभरात तिथून कोण कोण गेलं, याचं सगळं वर्तमानपत्र तिच्या नाकापुढे उघडलेलं असतं. सहा फुटांच्या दोरीवरही ते वाचता येतं. नवऱ्याला दोरी तिच्यासाठी सोडायची आहे की स्वतःला बघायला छान वाटतं म्हणून, हे एकदा त्याला विचार. प्रेमाने.

मग ब्लॅक हिल्स. जंगल तिला प्रेअरीपेक्षा बरं वाटेल. पाइनच्या झाडांनी आवाज थोडा अडतो, सावली असते, पाठीमागे काहीतरी असल्याचा भास असतो. वन खात्याच्या छोट्या कॅम्पग्राउंडवर उतरा. शेकोटी तिथल्या लोखंडी कड्यातच, आणि बंदीची पाटी असेल तर तीही नाही. जुन्या रेल्वेमार्गावर केलेली मिकल्सन ट्रेल १०९ मैलांची आहे, त्यावर दोरीने कुत्रं चालतं. इथेच तुमची तिघांची खरी पायपीट होईल. अंधार पडल्यावर तिला तंबूबाहेर एकटी ठेवू नकोस, या डोंगरांत माउंटन लायन आहेत. साळींदरही आहे. काटे घुसले तर स्वतः उपटू नकोस, त्यांनाही उलटी टोकं असतात. माउंट रशमोरला, म्हणजे अध्यक्षांचे चेहरे कोरलेल्या डोंगराकडे, पार्किंगच्या ठराविक पट्ट्यापलीकडे कुत्र्याला बंदी आहे. आळीपाळीने बघून या, अर्ध्या तासाचं काम आहे.

बफेलो गॅप ग्रासलँडमध्ये कुठेही तंबू टाकता येतो आणि दोरीचे नियमही सैल आहेत, हे नवऱ्याच्या वाचनात येईलच. पण तिथे काही भागांत प्रेअरी डॉगवर बंदूक चालवायला मुभा आहे, आणि सप्टेंबरात शिकारीचे हंगामही सुरू होतात. चकलीसाठी बंदूक म्हणजे न संपणारा ४ जुलै. पुढच्या वर्षी बघा.

सामानापैकी एकाच गोष्टीवर पैसे खर्च कर, हार्नेस. आपल्या गावठी कुत्र्यांची मान आणि डोकं जवळपास सारख्याच जाडीचं असतं, मागे रेटा दिला की पट्टा डोक्यावरून निघतो. पोटाच्या मागून जाणारा तिसरा पट्टा असलेला हार्नेस घे. गाडीचं दार किंवा तंबूची चेन उघडण्याआधी दोरी कुणाच्या हातात आहे हे मोठ्याने बोलायचं. 'माझ्या हातात.' मग दार. मूर्खपणा वाटेल, पण कुत्री हरवतात ती याच दोन सेकंदांत. गळ्यातल्या जीपीएसवर विसंबू नकोस. बहुतेक यंत्रं मोबाइलच्या नेटवर्कवर चालतात आणि तिथे तेच नसतं. मायक्रोचिप पुण्यात बसवली असेल तर तिच्या नोंदीवर तुझा इथला नंबर आहे का ते आजच बघ. आणि तरीही सुटलीच, तर मागे धावू नका, हाका मारत सैरावैरा हिंडू नका. जिथून पळाली तिथेच तुझा घामट शर्ट ठेवून खाली बसायचं, रात्रभर लागलं तरी.

वादळाचं आकाश दिसलं तर तंबू विसरा, गाडीत बसा. आय-९० वरच्याच व्हिव्हियन गावात २३ जुलै २०१० ला आठ इंच व्यासाची गार पडली होती, अमेरिकेतली नोंद झालेली सगळ्यात मोठी. नारळ टाकल्यासारखं.

स्कंक नावाच्या छोट्या जनावराने आपला घाणेरडा वास फवारला तर टोमॅटोचा रस वाया घालवू नका. एक क्वार्ट, म्हणजे लिटरभराला थोडं कमी, तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा, चमचाभर भांड्यांचा साबण. ताजं कालवायचं, पाच मिनिटं अंगाला लावून ठेवायचं, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, धुऊन टाकायचं. उरलेलं बाटलीत भरून बूच लावू नकोस, फुटते. आणि तुमच्या पिठल्यातला, पोह्यांतला कांदा तिच्या वाटीत जाऊ देऊ नका. कुत्र्यांच्या रक्ताला तो बाधतो.

नवऱ्याला तिला एकदा मोकळी पळताना बघायचंच असेल, तर तुमच्या गावाबाहेर तासावर भाड्याने मिळणारी कुंपणाची शेतं शोधा. चारी बाजूंनी बंद. तिथे काढ म्हणावं दोरी, सहलीच्या आधी दोन-तीनदा. बहुधा ती एक चक्कर मारेल आणि येऊन तुमच्या पायाशी बसेल. तसं झालं तर मला कळव.

आणि हो, बाथरूममधली ती पायपुसणी सोबत घे. न धुता.